तीन नंबर

सहा प्लग काढून मी ओळीनं मांडले
जुन्या टॉवेलवर, खालून वर, नंबर चुकू न देता.
पाच नीट भाजलेले,
कडक भाकरीच्या पोटाचा रंग.
तिसरा पांढरा.
जोंधळ्याच्या कोरड्या पिठासारखा,
आणि चिनीमातीवर बारीक चकाकी.
भिंग लावलं.
पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम ते. कण सुटायला लागलेत.

इरण्णा बिराजदार दारात, चप्पल न काढता :
"काल उजनीवर असली पळाली की पद्मजा,
कुगावपासून नुसती रेघ पाण्यावर!
आजवर कधी नाही पळाली तशी.
आणि तू म्हणतेस बिघाड?"

कसं सांगायचं याला.
पेट्रोल कमी पडलेलं सिलिंडर
मरायच्या आधी असंच पळतं.
हवा पोटभर, इंधन उपाशी,
आवाज कसा स्वच्छ, काचेवर नाणं पडल्यागत.
धूर नाही, खोकला नाही, कुरकुर नाही.
आणि एक दिवस भर पाण्यात गच्च.

कॉम्प्रेशन मोजलं. सहाही सारखे, तीनला चार पौंड कमी.
चार पौंडांनी काय होतंय.
जेट काढले, फुंकले, उजेडाला धरले,
तीनचा एकला घातला, एकचा तीनला,
रोग जेटचा असेल तर जाईल जेटच्या मागं.
नाही गेला. घर धरून बसला.

रंगाईच्या कारखान्यातला बंद पडलेला हौद आहे आमच्याकडे,
अजून कडेला किरमिजी.
त्यात इंजिनाचा पाय बुडवून चालू केलं.
दोनशे घोडे एवढ्याशा पाण्यात.
अख्ख्या गल्लीच्या खिडक्या थरथरल्या.
नाना आतून आले.
चाळीस वर्षं मागावर. कान कधीच गेले.
त्यांनी तळहात ठेवला इंजिनाच्या कुशीवर,
डोळे मिटले,
धोटा कुठं अडखळतो ते बघायचे तसे,
आणि तीन बोटं वर केली.

टॉवेल त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता.

मग स्प्रेची नळी घेतली,
सांध्यासांध्यावरून थोडं थोडं फवारत गेले.
एक, काही नाही. दोन, काही नाही.
तीनच्या डाव्या कोपऱ्यात
इंजिन एकदम उचललं,
ढेकर दिल्यासारखं भरून वाजलं,
आणि पुन्हा पातळ झालं.

तिथून हवा चोरत होतं.

बंद केलं. नट सोडले. गॅसकेट हातात आलं.

पेट्रोल पिऊन काळपट झालेला पुठ्ठा,
आणि त्याच्या अगदी कडेला
एक गोल भोक, अर्धं कापलेलं.
कुठल्याच इंजिनाला नसतं तिथं भोक.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून गॅसकेट यायला
तीन आठवडे म्हणाले होते,
इरण्णाला बोट परवा हवी होती,
माळ्यावर जकार्डचे पुठ्ठे पडून होते गठ्ठ्यांनी,
नानांच्या चादरीचे, मोराचे.
जाडी बरोबर. कात्री घेतली. मीच.
भोकं चुकवत चुकवत कापलं होतं,
असं मला वाटलं होतं.

नानांनी तो तुकडा उजेडाला धरला.
भोकावर नख फिरवलं, ओळखलं,
आणि मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं :
"मोराचा डोळा."

आणि हसले. किती वर्षांनी.

इरण्णा हातातल्या पुठ्ठ्याकडं बघत होता, मग माझ्याकडं.
"म्हणजे चूक कुणाची बे?"
हौदातलं पाणी अजून हलत होतं.
माझी, म्हटलं.
गॅसकेटचे पैसे नको, मजुरी नको,
पिस्टन उघडून बघेन ते पण माझ्याकडे.
आणि गॅसकेट येईस्तोवर बोट पाण्यात घालायची नाही,
कितीही गोड वाजू दे.

तो काही बोलला नाही.
जाताना पांढरा प्लग उचलून खिशात घातला,
कशाला कोण जाणे.

टॉवेलवर पाचच उरले,
मधे एक जागा मोकळी ठेवून.